तुमच्या आंब्यावरच्या बांडगुळाविषयी

दिल्ली, एप्रिल १९६३

तीर्थरूप ताऊजींच्या चरणी पुतणीचा, विद्दोचा, नमस्कार.

मी इथे बरी आहे आणि सहारनपूरला तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालते, कारण ओमी चाचा जे सांगून गेले त्यावरून तसं धरायला फारसा आधार नाही. हकीमसाहेबांनी तुमचा हुक्का बंद केला आणि तुम्ही हकीमसाहेब बंद केले, असं कळलं. गुडघ्याला तिळाचं तेल लावताय की नुसतं उन्हात बसून तेलाची बाटली बघताय? ताईजींची दाढ कशी आहे? त्यांनी पाठवलेलं शलगमचं लोणचं पोचलं. अर्धं मी खाल्लं आणि अर्धं माझ्या खोलीतल्या आणि माझ्याच विभागातल्या हरभजन अहलुवालियाने. ती अमृतसरची आहे आणि दुसऱ्याच्या घरून आलेल्या लोणच्यात आपला हिस्सा असतो असं तिच्याकडे मानतात. तिने ताईजींना पायलागू सांगितलंय आणि बरणी परत पाठवायची का, असं विचारलंय, म्हणजे काय ते ताईजींना कळेल.

मागच्या पत्रात तुम्ही विचारलंत की मोहल्ल्यात लोक पुसतात, मुलगी एम.एस्सी. होऊन एवढी वर्षं दिल्लीत नेमकं काय करते. तुम्ही त्यांना 'सरकारी काम आहे' म्हणून सांगितलंत ते उत्तम केलंत, पण तुमच्यासाठी खरं लिहिते. आंब्यावर ते केशरी-लाल फुलांचं बांडगूळ येतं, ज्याला आपल्याकडे बांदा म्हणतात, ते तुम्हाला माहीत आहे. (चांगलंच माहीत आहे. त्याबद्दल पुढे.) इवला पक्षी त्याचं फळ खातो, बी इतकी चिकट असते की त्याला ती फांदीवर घासूनच स्वतःपासून सोडवावी लागते, आणि जिथे घासली तिथे ती रुजते. रुजते म्हणजे मातीत नाही, झाडात. फांदीच्या आत मुळं घालून झाडाचा रस पीत राहते. आम्ही काय करतो, तर ही बी फांदीवर जायच्या आधीच तिच्या पोटातला गर्भ सुईच्या टोकाने काढतो आणि काचेच्या नळीत ठेवतो. नळीत झाड नसतं. खाली चायना ग्रासची थरथरती गादी, तिच्यात साखर, क्षार आणि नारळाचं पाणी, वर कापसाचा बोळा. मग बघत बसायचं की ज्याचा जन्मच दुसऱ्याच्या अंगावर जगण्यासाठी आहे, ते एकटं पडल्यावर कसं वाढतं. हे कशासाठी, असं मी एकदा आमच्या प्रोफेसर सारंगपाणींना विचारलं होतं. ते कुंभकोणमचे आहेत आणि शब्द जपून वापरतात. ते म्हणाले, 'बघण्यासाठी.' मोहल्ल्यात हे सांगू नका, सरकारी कामच बरं.

नारळाचं पाणी दिल्लीत सहज मिळत नाही हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. करोल बागेत एक मद्रासी दुकानदार आहे, त्याच्याकडून नारळ आणायचे, फोडायचे, पाणी गाळून उकळायचं आणि नळ्यांत भरायचं. उरतं ते खोबरं. शास्त्राला खोबऱ्याची गरज नाही, पण फेकवतही नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्या विभागात सकाळी खोबऱ्याची चटणी, दुपारी खोबऱ्याची बर्फी आणि संध्याकाळी खोबऱ्याच्या बर्फीवर चर्चा असा क्रम होता. प्रोफेसरांच्या घरून उलट निरोप आला की नारळ आता पुरे. कुंभकोणमच्या माणसाने नारळ नको म्हणावं, ही त्या वर्षातली आमची सगळ्यात मोठी नोंद घेण्याजोगी घटना. बाकी नळ्यांत नुसती बुरशी.

या बुरशीचं सांगायलाच हवं, कारण ती माझ्यामुळे आहे असा विभागात सार्वत्रिक समज आहे. गर्भ नळीत घालायचं काम एका छोट्या काचेच्या खोलीत होतं. आत जायच्या आधी हात स्पिरिटने धुवायचे, हत्यारं ज्योतीवर धरायची, आणि आत गेल्यावर बोलायचं नाही. अजिबात नाही. बोललं की तोंडातून जे उडतं ते नळीत जातं, नारळाचं पाणी त्यालाही आवडतं, आणि चार-दोन दिवसांत गर्भावर हिरवी मखमल चढते. आता ताऊजी, तुम्ही मला ओळखता. मला न बोलता हात हलवता येत नाहीत. एखादा गर्भ चिमट्यात धरला की जमीनदारीबद्दल काहीतरी सुचतं, आणि सुचलेलं मनात ठेवायची आपल्या घराण्यात पद्धत नाही. हरभजन शेजारी बसून इशाऱ्याने गप्प बस म्हणते, मी इशाऱ्याने मुद्दा पुरा करते, आणि शेवटी इशारे अपुरे पडतात. तोंडाला फडकं बांधून पाहिलं, तर फडक्यातून बोलले. हरभजन सगळ्यांना सांगते, 'हिच्या नळ्या बघून ओळखता येतं त्या दिवशी कुठला विषय होता. काळी बुरशी म्हणजे सरकार, हिरवी म्हणजे सावकार.' लोक हसतात. मी हसत नाही, कारण तिचं निरीक्षण बरोबर आहे.

एकदाच काय झालं, फेब्रुवारीत कामगारांच्या सभेत बोलून माझा घसा पार बसला. त्या आठवड्यात मी एक अक्षर उच्चारू शकत नव्हते. त्या आठवड्यात घातलेल्या नळ्यांपैकी एकीवरही बुरशी आली नाही. आधीच्या बहरातल्या, पिकलेल्या फळांतले गर्भ होते ते. हळूहळू फुगले, हिरवे झाले, पानं काढली, आणि एकाने तर खालच्या टोकाला वाटोळी गादी करून ती काचेला टेकवली. झाड समजून, असं मला वाटलं, प्रोफेसरांना असलं काही वाटत नाही. आणखी एकातून गोळा वाढला आणि त्या गोळ्यातून एका गर्भाच्या जागी गर्भांचा घोळकाच बाहेर आला. प्रोफेसरांनी ती नळी डोळ्यांपाशी धरून उलटसुलट बघितली. मग म्हणाले, 'पिकलेल्यांचं हे झालं. आता कोवळे घे. ज्यांना झाड अजून माहीत नाही असे.' एवढंच. पण या एवढ्यावर माझा प्रबंध अडला आहे. कोवळ्या, हिरव्या फळांतले गर्भ याच मोसमात मिळतात. माझी शिष्यवृत्ती पावसाळ्याच्या आत संपते आणि पुढल्या वसंतात मी दिल्लीत नसेन. अजमेरच्या मुलींच्या शाळेत रवानगी ठरलेली आहे. तिथे मी फुलाचे भाग शिकवीन आणि मुली फळ्यावरून उतरवून घेतील. वाईट काम नाही ते. फक्त तिथे नळ्या नसतील.

आता भाषणाकडे येते, कारण त्याचं कात्रण तुम्हाला मी स्वतःच पाठवलं होतं. मेरठच्या वाटेवर भूडपूर म्हणून गाव आहे, सगळ्या आमराया. आमचा विभाग वर्षानुवर्षं तिथूनच बांडगूळ आणतो. तिथले मोठे बागायतदार चौधरी मुख्त्यारसिंह या वेळी प्रोफेसरांना म्हणाले, 'साहेब, दरसाल टोपल्या भरून नेता, एकदा काही सांगायलाही माणूस पाठवा की. आम्हालाही कळू दे हे आहे तरी काय.' रास्त मागणी होती. प्रोफेसर स्वतः कुठे बोलत नाहीत, म्हणून त्यांनी मला पाठवलं आणि निघताना सांगितलं, 'थोडंसं बोल.' माझ्याबद्दल त्यांचा हा पहिलाच चुकलेला अंदाज.

गावच्या पारावर चौपाल भरलेली होती. हुक्के, पगड्या, मागे घुंघटांची रांग, झाडावर मुलं. पुढच्या खाटेवर जमिनीचे कागद सांभाळणारा पटवारी. मी सुरुवात फळापासूनच केली होती, हे सोबत आलेली हरभजन आजही मान्य करते. पण समोर इतकी माणसं ऐकायला बसलेली पाहिली की फळात मन रमत नाही. ज्याला स्वतःचं मूळ नाही आणि मातीची ओळख नाही, त्याने कष्टाच्या झाडावर बसायचं, त्याचं पाणी प्यायचं, वर सर्वांत भडक फुलं आपणच मिरवायची, आणि मालकाने ती बघून खूश व्हायचं, हे कुठवर चालायचं, असं मी विचारलं. इतिहासातली उदाहरणं दिली. रोमपासून सुरुवात केली आणि मेरठपर्यंत आले. मधेच चौधरींनी हात वर केला. 'बेटी, हे तू आमच्या पटवारीबद्दल बोलते आहेस ना?' मी म्हटलं, नाही, बांडगुळाबद्दल. ते म्हणाले, 'असं होय. बरं, चालू दे. दोघांचंही बघू.' पटवारी खाटेवरून उठून पाणी प्यायला गेला तो परत आला नाही. टाळ्या पडल्या, झेंडूचा हार पडला, गुळाची ढेप मिळाली. (बांडगुळाची पानं हिरवी असतात आणि उजेडात ती स्वतःचं थोडंफार अन्न स्वतः करतात, हे मी सांगितलं नाही. ते खरं आहे, पण सभेत ते सांगितलं की पुढचं वाक्य बसकं होतं.)

दुसऱ्या दिवशी मेरठच्या वर्तमानपत्रात ते छापून आलं आणि त्याच धुंदीत मी तुम्हाला कात्रण पाठवलं. 'घरच्या बायकांना फुलं आवडतात म्हणून जे मालक बांडगूळ पोसतात ते झाडाचे मालक नसून शत्रू आहेत' या ओळीखाली रेघही मारली. ती रेघ ताईजींसाठी नव्हती, असं मला आता वाटतं. दर उन्हाळ्यात मी तुमच्याकडे येऊन त्या आंब्यावरून सगळ्यांसमोर भांडले आहे, हेही खरं. ताईजी म्हणायच्या, 'राहू दे गं, त्याच्यावर ती बोटभर पाखरं येतात.' आणि तुम्ही म्हणायचात, 'विद्दो, झाड माझं आहे, त्रास त्याला होतोय, भाषण तू का करतेस?' उत्तर मला तेव्हाही सुचलं होतं.

पुढच्या आठवड्यात मी आणि हरभजन टोपल्या घेऊन कोवळी फळं आणायला भूडपूरला गेलो. बसमधून उतरलो तेव्हाच आमराई कशी मोकळी मोकळी दिसली. चौधरी वेशीपर्यंत सामोरे आले, चेहरा असा की घरात नातू झालाय. म्हणाले, 'बेटी, बघ. एक पान ठेवलं नाही.' भाषण संपल्यावर त्याच दुपारी विळे निघाले होते. आधी त्यांची बाग, मग भावकीची, मग ज्यांच्याशी त्यांचा कोर्टात वाद चालू आहे त्यांचीही, 'शास्त्रात वैर आणायचं नाही' म्हणून. शाळेच्या अंगणातलं झाड पोरांनी साफ केलं. कालव्याकाठची झाडं शेजारच्या गावांनी वाटून घेतली, कारण भूडपूरने केलं आणि आपण मागे राहिलो असं त्यांना व्हायला नको होतं. एवढी एकी त्या तालुक्यात कशासाठीही झाली नव्हती, असं चौधरी म्हणाले. मी विचारलं, कापलेलं कुठे आहे. ते म्हणाले, 'पेटवलं. होळी परत केली तुझ्या नावाने.' राख दाखवायला नेलं. काळ्या ढिगाभोवती शेंदराची रेघ होती. मी 'शाब्बास' म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते. त्यांनी लस्सीचे मोठे पेले दिले आणि आमच्या रिकाम्या टोपल्या पाहून विचारलं, 'या कशाला आणल्यात?' हरभजन म्हणाली, 'गूळ न्यायला.' तेव्हा त्या गुळाने भरून दिल्या.

बसमध्ये हरभजनने गुळाची टोपली मांडीवर घेतली. मग म्हणाली, 'विद्दो, आजवर तुझं कुणी ऐकलं नाही म्हणून हा देश शाबूत होता.' मी म्हटलं, भाषणाचा हेतू तर सफल झाला. ती म्हणाली, 'हो ना. आता तू नळीत गूळ घालून बघ काय उगवतं.' मागच्या बाकावरची बाई हसली, तिला काही कळलं नव्हतं तरी.

प्रोफेसरांना सांगायला गेले. त्यांनी चष्मा काढून पुसला. 'सगळं?' 'सगळं, सर.' 'कालव्याकडचं?' 'तेही.' चष्मा घालून ते म्हणाले, 'भाषण चांगलं झालं असणार.' त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही पहिली स्तुती आणि ती मला सहन झाली नाही. रागावले असते तर उत्तर देता आलं असतं. नंतर त्यांनी खिडकीकडे बघत एवढंच सांगितलं की दिल्लीतल्या बागांतली फळं आता पिकून गेली आहेत, रस्त्यांवर आहे ते वेगळ्या जातीचं आहे, आणि उत्तरेला डोंगराच्या बाजूला मोसम जरा उशिरा असतो. 'तिकडे कुणी ओळखीचं असेल तर बघ,' म्हणाले. मी म्हटलं, आठवून सांगते.

दोन दिवस आठवलं. दरम्यान त्या जुन्या नळ्या रोज बघते. तो काचेला टेकलेला अजून टेकलेलाच आहे. माझं मत बदललेलं नाही, हे स्पष्ट लिहिते. दुसऱ्याच्या श्रमावर जगणं हे वाईट आहे आणि मी ते कुठल्याही चौपालीवर पुन्हा म्हणेन. पण सभेत उभं राहून ज्याला शिव्या घालायच्या ते नळीत इतकं लहान असतं की भिंगाखाली धरावं लागतं. भिंगाखाली धरलं की शिवी आठवत नाही. एवढंच झालंय. मोठं काही नाही.

इथे ऊन तापायला लागलंय. तुम्ही दुपारचे बाहेर पडू नका आणि पडलात तर छत्री घ्या. (घेणार नाही, माहीत आहे.) ओमी चाचांना सांगा की त्यांची रजई हरभजनकडे आहे आणि तिथेच राहील. ताईजींना आणि घरातल्या सगळ्यांना नमस्कार.

तुमची आज्ञाधारक (हसू नका),
विद्योत्तमा

ता. क. : एक किरकोळ गोष्ट राहिली. तुमच्या आंब्यावरचं बांडगूळ कापू नका. कात्रण, त्याखालची रेघ आणि मी आजवर त्या झाडाखाली केलेली सगळी भाषणं बाजूला ठेवा. सहारनपूरला मोसम उशिरा असतो, तेव्हा शक्य झालं तर हिरवी, कडक फळं असलेल्या काही डहाळ्या तोडून ओल्या पोत्यात गुंडाळून दिल्लीला येणाऱ्या कुणाबरोबर लगेच पाठवा. पिवळी झालेली नकोत. या मोसमात माझ्यासाठी दुसरं झाड उरलेलं नाही. ताईजींना सांगा की शास्त्राच्या दृष्टीने त्यांचंच बरोबर होतं, कारण मात्र त्यांचं चुकीचं होतं. नको, कारणाचं सांगू नका.

ता. क. २ : वरचं लिहून पाकीट चिकटवायच्या आतच ओमी चाचा खांद्यावर पोतं घेऊन दारात उभे राहिले. म्हणाले, 'तुझ्या ताऊजींनी पुरावा पाठवलाय. तोंड वाकडं करू नकोस, तुझंच ऐकलंय.' आत बांडगुळाच्या डहाळ्या ठासून भरलेल्या आणि तुमची चिठ्ठी: 'विद्दो, वर्तमानपत्रात आलं म्हणजे खरंच असणार. आजपासून सुरुवात केली. बरंच बाकी आहे, ते पुढल्या आठवड्यात. तुझी ताईजी माझ्याशी बोलत नाही.' ताऊजी, जन्मात तुम्ही माझं कधी ऐकलं नाहीत आणि ऐकायला हाच आठवडा सापडला. पण फळं बघितली. हिरवी, कडक, हवी तितकीच कोवळी. हरभजनने पोतं उचललं आणि आम्ही तशाच काचेच्या खोलीत गेलो. हात थकेपर्यंत गर्भ काढत होतो. सारंगपाणी सर बाहेरून काचेला नाक लावून बघत होते. मी एक शब्द बोलले नाही. जमीनदारी आठवली, पटवारी आठवला, तुम्हीही आठवलात, पण नाही बोलले. आज नळ्या स्वच्छ आहेत. पुढचं आठवड्याभरात कळेल. बुरशी आली तर पुन्हा फळं लागतील, आणि ती फक्त त्या 'बाकी'मध्ये आहेत.

ता. क. ३ : म्हणून जे बाकी आहे ते तसंच राहू द्या, आणि आणखी एकच. जे कापलंत ते कसं कापलंत? मी भाषणात सांगितलं होतं की नुसतं वरचं झुडूप छाटून काही होत नाही, त्याची मुळं फांदीच्या आत असतात, पुन्हा फुटतं. आंब्याची फांदीच हातभर खालून तोडली तरच ते कायमचं जातं. कात्रणात हे अगदी शेवटी, जाहिरातीच्या शेजारी आलं आहे. तुम्ही माझं लिहिलेलं काहीही आजवर शेवटपर्यंत वाचलेलं नाही, याबद्दल मी फार बोलले आहे. या वेळीही वाचलं नसेल, अशी मी मनापासून आशा करते. आणि हे वाक्यही पत्राच्या शेवटीच आलंय, हे लिहिताना माझ्या लक्षात आलं. त्यामुळे पाकिटावर पत्त्याच्या वर मोठ्या अक्षरात लिहिते आहे: 'कुऱ्हाड खाली ठेवा.' पोस्टमन आधी वाचेल आणि मोहल्ल्यात सांगेल. सांगू दे.